दुपारचं भूत: एवाग्रियसच्या मनात 'आळस' नव्हता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षं रोज पहाटे चाळीस मिनिटं मौनप्रार्थनेला बसता. पहिलं वर्ष सुरेख गेलं. आता बसलात की दहाव्या मिनिटाला नजर घड्याळाकडे जाते, जागा बदलावीशी वाटते, दुसरी एखादी पद्धत आपल्याला जास्त मानवेल असं वाटत राहतं. कुणी सांगितलं, हा आळस, सात महापापांपैकी एक, आणि इजिप्तच्या वाळवंटातल्या एवाग्रियस नावाच्या चौथ्या शतकातल्या साधूने त्यावर लिहिलंय. लगेच दुसऱ्या कुणी सांगितलं की तो पाखंडी ठरलेला आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. तर तुम्ही आळशी आहात का, हा एवाग्रियस कोण, आणि त्याला वाचावं की नाही.

मी बावीस वर्षं मौनसाधनेच्या शिबिरांत येणाऱ्यांना सोबत करते आहे. त्याआधी धर्मशिक्षकांना आरंभीच्या ख्रिस्तसभेचा इतिहास शिकवत होते. म्हणजे एवाग्रियस आधी फळ्यावर भेटला आणि मग माणसांत. माणसांत भेटला तेव्हा जास्त कळला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. आळशी माणूस दोन वर्षं पहाटे उठून बसत नाही.

एवाग्रियसचा मूळ ग्रीक शब्द आहे 'अकेदिया'. फोड केली तर 'ज्याला कशाची फिकीर उरली नाही' असा अर्थ निघतो. मराठीत कंटाळा म्हणावं तर हलकं पडतं आणि मरगळ म्हणावं तर अर्धंच सांगून होतं. मी शिबिरात 'उबग' म्हणते. आपल्याकडे याचं सगळ्यात जवळचं नाव पतंजलीकडे सापडतं. त्याने साधनेत येणारे नऊ अडथळे सांगितले आहेत. त्यांत 'आलस्य' आहेच, पण त्याच यादीत शेवटी 'अनवस्थितत्व' वेगळं दिलंय, म्हणजे जिथे पोचलो तिथे टिकता न येणं. एवाग्रियस बोलतो आहे ते या शेवटच्या गोष्टीबद्दल. पतंजलीने दोन वेगळे शब्द ठेवले. आपल्या पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेने दोन्हींचं एकच गाठोडं बांधलं, आणि त्याचा भुर्दंड तुमच्यासारखी माणसं आजवर भरताहेत.

'प्राक्टिकोस' नावाचं एवाग्रियसचं शंभर छोट्या परिच्छेदांचं पुस्तक आहे. त्यातल्या बाराव्या परिच्छेदात या उबगाला तो 'दुपारचा दुष्टात्मा' म्हणतो. हे नाव 91व्या स्तोत्राच्या ग्रीक भाषांतरातून आलं. मराठी पवित्र शास्त्रात त्या जागी भर दुपारी नाश करणाऱ्या रोगाचा उल्लेख आहे, कारण मूळ हिब्रूत भूत नाही. ग्रीक भाषांतरकारांनी तिथे भूत बसवलं. आपल्याकडे आजीही सांगायचीच की बाराच्या उन्हात विहिरीकडे फिरकू नकोस. तेव्हा मला ते नाव परकं वाटलं नाही.

तो काय लिहितो ते माझ्या शब्दांत सांगते. हा दुष्टात्मा चौथ्या तासाला, म्हणजे आपल्या सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि आठव्या तासापर्यंत, दुपारी दोनपर्यंत, वेढा घालून बसतो. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. दिवस पन्नास तासांचा होतो. साधूला तो आधी खिडकीकडे बघायला लावतो, मग खोलीबाहेर काढतो आणि नववा तास अजून किती लांब आहे ते उन्हावरून पाहायला सांगतो. (नवव्या तासाला, तीनच्या सुमारास, त्यांचं दिवसाचं एकमेव जेवण असायचं. म्हणजे हा पोटाचाही हिशोब आहे.) मग साधू इकडेतिकडे बघतो, कुणी बंधू येताना दिसतोय का. मग ही जागा नकोशी होते, हे जगणं नकोसं होतं, हातातलं काम नकोसं होतं. मग वाटतं की इथल्या माणसांतलं प्रेमच आटलंय, धीर द्यायला कुणी नाही. अलीकडे कुणी दुखावलं असेल तर नेमकं तेच आठवतं. मग दुसरी जागा डोळ्यांपुढे येते. तिथे गरजा सहज भागतात, काम सोपं आहे, आणि शेवटी देवाची उपासना काय, कुठेही करता येते! मग घरची माणसं आठवतात, जुने दिवस आठवतात, पुढचं आयुष्य लांबच लांब पसरलेलं दिसतं. साधूने खोली सोडून पळावं यासाठी हा दुष्टात्मा एकही चाल बाकी ठेवत नाही.

यात मला सगळ्यात धारदार वाटतं ते 'देवाची उपासना कुठेही करता येते' हे वाक्य. ते खरं आहे. शुभवर्तमानातून सिद्ध करता येईल. उबग सहसा खोटं बोलत नाही, खरी गोष्ट चुकीच्या वेळी कानात सांगतो. आठ दिवसांच्या शिबिरात तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवणाच्या घंटेआधी माझ्या दारावर टकटक होते, ती मला आता पाठ झाली आहे. 'आई घरी एकटी आहे.' 'मुलाची परीक्षा जवळ आलीय.' 'मला वाटतं माझा पिंड ध्यानाचा नाही, सेवेचा आहे.' प्रत्येक कारण खरं असतं. पण आई पहिल्या दिवशीही एकटीच होती.

स्वतःचंही सांगते. एका एप्रिलमध्ये मी आठ दिवसांच्या मौनात होते. चौथ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास स्तोत्रसंहिता पलंगावर उघडी टाकली आणि स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसायला घेतली. पात्यांवरची धूळ खाली पडली म्हणून लादी पुसली. मग खिडकीचे गज. मग फडक्याने बादली काळी झाली म्हणून बादली घासली. पाऊण तासाने घामाघूम होऊन बसले तेव्हा खोली लख्ख झालेली आणि प्रार्थनेची वेळ संपलेली. त्यात आळस कुठे होता? आठवडाभरात एवढं काम मी केलं नव्हतं.

मग आळस आला कुठून? इजिप्तमध्ये राहून आलेल्या जॉन कॅसियनने ही शिकवण पाचव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण फ्रान्समधल्या मठांत नेली, एवाग्रियसचं नाव न घेता. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरींनी मनाला सतावणाऱ्या विचारांच्या एवाग्रियसच्या यादीची फेरमांडणी केली. उबग दुःखात मिसळला, मत्सर नव्याने घातला, गर्वाला सगळ्यांचं मूळ म्हणून वेगळं काढलं. पुढे मध्ययुगात त्या दुःखाच्या जागी पुन्हा अकेदिया आली, आणि लोकांच्या तोंडी तिचा आळस झाला. उन्हात खिडकीशी तळमळणारा साधू त्या यादीतून गळून गेला.

आता माणूस. एवाग्रियस सुमारे 345 साली पोंतस प्रांतातल्या इबोरा गावी जन्मला. हा भाग आजच्या तुर्कस्तानात, काळ्या समुद्राच्या बाजूला. वडील खेड्यापाड्यांचे बिशप. संत बासिलने त्याला वाचकपदाची दीक्षा दिली, नाझियान्झच्या ग्रेगरीने उपगुरू (डीकन) केलं. 381 च्या धर्मपरिषदेच्या काळात तो कॉन्स्टँटिनोपलमध्ये होता, वादविवादात तरबेज, शहरात नाव झालेलं. तिथे तो एका मोठ्या घराण्यातल्या विवाहितेच्या प्रेमात पडला आणि तीही त्याच्या. पुढचं त्याचा शिष्य पल्लादियसने लिहून ठेवलंय. एवाग्रियसला स्वप्न पडलं की शिपायांनी त्याला बेड्या घालून तुरुंगात टाकलंय, आणि ओळखीच्या माणसाच्या रूपात आलेला देवदूत त्याच्याकडून शुभवर्तमानावर हात ठेवून शहर सोडण्याची शपथ घेतो आहे. जाग आल्यावर त्याने विचार केला, शपथ स्वप्नातली असली तरी घेतली तर आहे. सामान जहाजावर चढवलं आणि जेरुसलेम गाठलं.

तिथे जैतुनाच्या डोंगरावर मेलानिया राहायची. रोममधल्या गर्भश्रीमंत घराण्यातली ही विधवा तिथे मठ चालवत होती. तिने त्याला आसरा दिला. आणि हा गडी काय करतो? हळूहळू पुन्हा छानछोकीकडे वळतो. मग तापाने अंथरुणाला खिळला. सहा महिने गेले, वैद्यांनी हात टेकले. तेव्हा मेलानियाने त्याला सरळ विचारलं की बाळा, तुझं हे लांबलेलं दुखणं मला बरं दिसत नाही, मनात काय आहे ते सांग. त्याने सगळं ओकून टाकलं. तिने त्याच्याकडून साधूजीवनाचं वचन घेतलं, तो बरा झाला, तिच्या हातून साधूचे कपडे घेतले आणि इजिप्तला गेला. वाळवंटातल्या या सगळ्यात विद्वान गुरूला वाळवंटात धाडणारी बाई होती, हे वर्गात सांगताना मी दरवेळी जरा थांबते.

तर लक्षात घ्या, हा पळालेला माणूस होता. कॉन्स्टँटिनोपलहून पळाला, जेरुसलेमलाही त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. खोली सोडून पळावंसं का वाटतं यावर त्याच्याइतकं बारकाईने कुणी लिहिलं नाही, त्याचं कारण मला इथेच दिसतं.

इजिप्तमध्ये तो दोन वर्षं नित्रिया या वाळवंटातल्या साधूंच्या वस्तीत राहिला, मग आणखी आत केलियाला गेला आणि तिथे शेवटची चौदा वर्षं काढली. केलिया म्हणजे शब्दशः 'खोल्या'. गावाचं नावच ते. खोल्या एकमेकींपासून इतक्या लांब की शेजाऱ्याचा आवाज येऊ नये. शनिवार-रविवारी सगळे चर्चमध्ये जमत, बाकी आठवडा आपापल्या खोलीत. 1964 नंतर फ्रेंच आणि स्विस संशोधकांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा वाळूखाली दीडेक हजार वास्तूंचे अवशेष असल्याचं दिसलं. एवाग्रियसचं अक्षर देखणं होतं, पोथ्या उतरवून तो वर्षभराच्या खाण्यापुरतं कमवायचा. खाणं कसलं, भाकरी आणि थोडं तेल. भाजी नाही, फळ नाही, शिजवलेलं काही नाही. शेवटी पोटाने दगा दिला आणि अखेरची दोन वर्षं भाकरी सोडून शिजवलेली भाजी, जवाची पेज, डाळी घ्याव्या लागल्या. उपवासाबाबत त्याचं चुकलं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि शिबिरात उपवासाचा हट्ट धरणाऱ्यांना मी ही पेज आवर्जून आठवून देते. 399 च्या जानेवारीत, प्रकटीकरणाच्या सणाला ख्रिस्तप्रसाद घेऊन तो वारला. वय 54.

त्याचा एक प्रसंग मला फार आवडतो. केलियात बैठक भरली होती, काही विषय निघाला आणि एवाग्रियस बोलला. चांगलंच बोलला असणार. तिथले धर्मगुरू म्हणाले, अब्बा, तुम्ही तुमच्या मुलखात असता तर एव्हाना बिशप झाला असता हे आम्हाला ठाऊक आहे. पण इथे तुम्ही परके म्हणून बसला आहात. भर सभेत! कॉन्स्टँटिनोपल गाजवलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. त्याने मान खाली घातली आणि ईयोबाच्या शब्दांत म्हणाला की मी एकदा बोललो, आता पुढे बोलणार नाही. तिथले बरेचसे साधू साधे शेतकरी होते, आणि तो त्यांच्या पायाशी बसून शिकला.

आता शिकवण, आणि तुम्हाला काय उपयोगाचं तेवढंच. त्याने मनाला सतावणारे आठ 'विचार' सांगितले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, दुःख, क्रोध, उबग, लौकिकाची हाव, गर्व. आपल्या षड्रिपूंशी ताडून बघा. काम, क्रोध, लोभ, मद जुळतात. पण दुःख आणि उबग षड्रिपूंत नाहीत, आणि मत्सर त्याच्याकडे नाही. तो यांना पापं म्हणत नाही, विचार म्हणतो. हे विचार यावेत की नाही ते आपल्या हातात नाही, त्यांनी मुक्काम करावा की नाही ते आपल्या हातात आहे, असं तो सहाव्या परिच्छेदात लिहितो. त्यामुळे घड्याळाकडे नजर गेली यात तुमचा गुन्हा काही नाही.

विचारांची त्याची वर्णनंही ऐकीव नाहीत. खादाडपणाच्या विचारात त्याला पक्वान्न दिसत नाही. दिसतं ते पोट, यकृत, पाणथरी, लांबणारं आजारपण आणि जवळपास वैद्य नसणं. धनलोभाचा विचार म्हणजे पुढे येणारं लांबलचक म्हातारपण, थकलेले हात, दुष्काळ, दुखणी, आणि दुसऱ्याकडून मदत घेण्याची लाज. चौथ्या शतकातला साधू की निवृत्तीला दोन वर्षं उरलेला बँकेतला कारकून, ओळखू येत नाही.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, ऐन उबगात जागा सोडायची नाही. हे तो ठामपणे सांगतो, कारणं कितीही चांगली वाटोत. पद्धत बदलायची असेल तर बदला, पण तो निर्णय चहा पिताना घ्या, आसनावर बसून घेऊ नका. मी लोकांना सांगते की ठरवलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट जास्त बसा. एकच.

पण वेळ ठरवताना हात आखडता घ्या. प्रत्येक साधना योग्य वेळी आणि मापात हवी असं तो बजावतो. माप सोडलेली गोष्ट फार टिकत नाही, आणि जी टिकत नाही ती फायद्यापेक्षा अपायच करते. चाळीस मिनिटांची पंचवीस करा. यात माघार नाही. चाळीसातली शेवटची पंधरा तुम्ही सध्या घड्याळाला वाहताच आहात.

दुसरी गोष्ट मला त्याची खरी देणगी वाटते: विचारांवर पाळत ठेवणं. पन्नासाव्या परिच्छेदात तो सांगतो की विचार कधी जोर धरतात, कधी ढिले पडतात, कोणता कोणाच्या मागून येतो, कोणता कोणाबरोबर येत नाही, हे टिपत जा. एक छोटी वही करा. प्रार्थना संपल्यावर दोन ओळी, वेळेसकट. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेने तीन आठवडे असं लिहिलं. तिला दिसलं की उबग येतो तो फक्त आदल्या रात्री सासूशी बोलणं ताणलं गेलं असेल तेव्हा. म्हणजे दारात उबग उभा होता, पण पाठीमागे राग होता. ती महिनोन्महिने उबगाशी भांडत होती. रागाची दखल घेतल्यावर बसणं सुधारलं. तुमच्या बाबतीत मागे कोण उभं आहे, मला ठाऊक नाही. वही सांगेल.

तिसरी, मनाशी मोठ्याने बोलणं. उबग आला की आपल्या जिवाचे दोन भाग करा, एक सांत्वन करणारा, एक सांत्वन घेणारा, आणि 42व्या स्तोत्रातली ओळ म्हणा: 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' हे त्याचंच सांगणं आहे. 'मना सज्जना' म्हणत वाढलेल्या मराठी माणसाला हे शिकवावं लागू नये, पण आपण ती ओळ पाठांतर स्पर्धेत ठेवून आलो. एवाग्रियसने अशा उत्तरांचं एक अख्खं पुस्तकच केलं, आठ विचारांचे आठ भाग आणि सुमारे पाचशे नोंदी, प्रत्येक विचाराला तोंडावर मारायला शास्त्रातलं एक वचन. तुम्हाला पाचशे नकोत. एक पुरे, पण ओठ हलवून म्हणा.

एक दिलासाही आहे. त्याच बाराव्या परिच्छेदाच्या शेवटी तो म्हणतो की या दुष्टात्म्याच्या पाठोपाठ दुसरा येत नाही; झटापट संपली की शांती आणि आनंद येतो. माझा अनुभव इतका गोड नाही. कधी आनंद येतो, कधी नुसती भूक लागते. पण चौथा दिवस ओलांडलेली माणसं पाचव्या दिवशी वेगळी चालतात, हे मात्र मी पाहिलंय.

पाखंडाबद्दल थोडक्यात. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाच्या विचारांवरून, म्हणजे आत्मे देहाआधीपासून असतात का, शेवटी सगळेच देवाकडे परततात का, अशा मतांवरून मोठा वाद पेटला. एवाग्रियस गेल्यावर वर्षभरातच अलेक्झांड्रियाच्या बिशपने त्याच्या साथीदारांना नित्रियातून हुसकावलं. 553 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या वेळी ओरिजेनच्या मतांचा निषेध झाला, त्यात एवाग्रियसही भरडला गेला. ही मतं त्याच्या तात्त्विक ग्रंथांत आहेत आणि ते वाचायची तुम्हाला गरज नाही. 'प्राक्टिकोस' मात्र मठांत चालूच राहिलं. प्रार्थनेवरची त्याची 153 वचनं तर ग्रीक साधूंनी संत नीलसच्या नावावर शतकानुशतकं वाचली. (153 का, तर पुनरुत्थानानंतर पेत्राच्या जाळ्यात आलेले मासे. वसईच्या कोळीवाड्यात हे सांगितलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, मोजणारा मच्छीमारच असणार.) सिरियाक भाषेत मात्र ती त्याच्याच नावाने टिकली. तेव्हा वाचा, खुशाल वाचा.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. उबग प्रार्थनेपुरता असेल तर वर लिहिलंय ते करा. पण आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, नेहमीच्या कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं होत असेल, तर डॉक्टरकडे जा, आणि लवकर जा. एवाग्रियसनेही दुःख आणि उबग वेगळे ठेवले होते, आणि त्याचा स्वतःचा ताप तो एकटा सहन करत राहिला तोवर उतरला नव्हता.

उद्यापासून पंचवीस मिनिटं, एक ओळ, एक वही. तीन आठवडे झाले की कळवा. किती वेळ बसलात ते नका लिहू, कोणता विचार कोणाच्या मागून आला ते लिहा.